फेरा जुळला पाहिजे

मार्वेच्या धक्क्यावरून बोट, पलीकडे मनोरी.
तिकिटं मी काढतो, सुटे पैसे नाना मोजतात,
दोनदा.

वाट सोपी. चढ नाही, ओढा नाही.
आधी माळ, मग सुरूचं बन, मग दोन तळी,
आणि तळी डाव्या हाताला ठेवून चालत राहिलं
की पुन्हा तोच पास्कूचा लिंबूसोड्याचा गाडा.

वैजयंतीनं मला मुद्दाम गोल वाट शोधायला लावली.
तिच्या वडिलांना ‘चला, मागे फिरू’ म्हटलं की राग येतो.
एकदा वेसाव्याच्या वाळूत बसूनच राहिले, अंधार पडेपर्यंत :
मोजणीदार अर्ध्यातून मागे फिरतो का कधी?
इथे तो प्रश्न येत नाही.
घर कायम पुढेच असतं.

छत्तीस वर्षं नगर भूमापनात.
त्यांचं एक पाऊल म्हणजे एक आणा,
सोळा आण्यांची एक शंकू साखळी, फूट तेहतीस.
नातवाचं नाव निसटतं, हे निसटत नाही.
माळावरचं वाळलेलं गवत गुडघ्यांना घासतं,
टिटवी डोक्यावरून शिव्या देत जाते,
आणि त्यांच्या ओठांत तेरा, चौदा, पंधरा.
सोळाव्याला एक बोट मिटतं.
दहा बोटं मिटली की एक खडा.
खडे माझ्या खिशात.

सुरूच्या बनात पाऊल वाजत नाही.
खाली सुयांचा तपकिरी थर, त्यात ती बारकी काटेरी बोंडं,
वर मात्र कुणीतरी तांदूळ पाखडतंय
आणि सूप काही रिकामं होत नाही.
इथे ते थांबतात. दर वेळी इथेच.
माझ्याकडे वळतात.
“आपण कुठले?”

पहिल्यांदा मी म्हणालो होतो, “नाना, मी सुधन्वा.”
चेहरा असा झाला त्यांचा,
जसा दुसऱ्याच्या हद्दीत पाय पडल्यावर होतो.
तेव्हापासून म्हणतो, “मी कुडाळचा.”
“अरे वा. मी चिटणीस. नगर भूमापन.”
हात पुढे येतो. मी घेतो.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
वाकून नमस्कार करत आलो,
हा हात मला ठाऊकच नव्हता. केवढा खरखरीत.

पहिल्या तळ्यात कमळाची पानं कडेनं करपलेली.
दुसऱ्यात एक बाई माठाच्या जुड्या खळबळून धुते,
ओळख असल्यासारखी हात करते, नानाही करतात.
आणि मग सांगायला लागतात,
परक्याला सांगतात तसं, मोकळं :

“मुलगी एकच. हट्टी, माझ्यावर गेली.
जावई... बरा आहे हो. वाईट नाही.
पण बोलत नाही फारसा.
मला वाटतं, घाबरतो.”
“तुम्ही बोलून पाहिलंत?”
“कसं बोलणार? जावई तो.”

तारेवरचा खंड्या सरळ पाण्यात पडतो.
वर येईपर्यंत दोघंही गप्प.
चोच रिकामी.
“चालायचंच,” नाना म्हणतात, त्याला की मला.
मधल्या वेळात मोजणी चुकली असणार,
पण ओठ पुन्हा हलू लागतात, पाच, सहा,
जणू काही पावलं त्यांच्यापाशी राखून ठेवलेली होती.

पास्कूच्या गाड्यावर मी खडे ओततो.
एकोणतीस खडे, तीन बोटं, वर नऊ आणे.
मागच्या रविवारपेक्षा सात आणे जास्त.
नानांच्या कपाळावर आठी.
“फेरा जुळला पाहिजे. साखळी कुणी धरली होती?”
“मी.”
“ढिली धरलीत. पुढच्या खेपेला ताणून धरा.”
“हो.”
“राग मानू नका. नवीन आहात.”

पास्कू दोन बाटल्या उघडतो, मीठ जास्त, साखर नाही,
त्यांचं त्याच्या लक्षात असतं.
बोटीला अजून वेळ आहे.
खडे मी परत खिशात भरतो.