…मल अँड सन्स, जालना

भोकरदन नाक्यावर भंगारवाल्याच्या काट्यात,
पितळी नळ आणि सायकलची चेन यांच्या मधोमध
तो हात पडला होता.
यष्टिरक्षकाचा. डावा.
बोटं अर्धवट मिटलेली,
झेल नुकताच सुटल्यासारखी.
तीस म्हणाला. उजवा नाही, म्हणून वीस.

मनगटावर इंग्रजी ठसा,
निम्मा घामानं खाल्लेला:
…मल अँड सन्स, जालना.

मी हजारीमल शोधला, सूरजमल शोधला.
शाळेला सुट्ट्या लागल्या की
सरकीच्या पेढ्यांतून हिंडायचो.
असे दोन उन्हाळे.
एका शेठजींनी चहा पाजला,
ग्लोव्ह पेन्सिलीनं माझ्याकडे सारला,
म्हणाले, "मास्तर, आमच्यात कुणी चामड्याचं केलं नाही."

नगरपालिकेत जुनी दप्तरं उर्दूत.
हाफिजसाब एक डोळा मिटून वाचत गेले:
खोगिरांवर जकात, पखालींवर जकात,
मधेच कुणाची तरी बकरी हरवल्याचा अर्ज,
आणि मग नख थांबलं.
"खरटमल. दस्ताने, सहा जोड."

म्हणजे शेठ नव्हताच.
आडनावाची शेपटी होती ती,
कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीतली.

परतूरला केवळाबाई भेटल्या,
धोंडिबा खरटमलांची धाकटी.
सन्स कोण कोण, विचारलं
तर पदर तोंडाला लावून हसल्या.
"पोरं कुठं व्हती? आमी तिघी बहिणी.
ठसा हैदराबादहून तयार आनला बाबानं,
ते सन्स त्याच्यात आधीच व्हतं.
नाव तेवढं कोरून घेतलं."

मग ग्लोव्ह हातात घालून
अंगठ्यानं शिवण चाचपत राहिल्या. डोळ्यांनी दिसत नाही आता.
"ह्यो टाका माहा न्हाई. सोजरचा हे.
डावखुरी व्हती, दोरा उलटा पडायचा तिचा.
बाबा उसवायला लावायचा.
ह्यो कसा सुटला काय म्हाईत."

माझ्या वहीत रकाना होता:
कारखाना बंद पडल्याचं साल.
म्हणाल्या, सोजर गेली त्या साली.
कुठं गेली, सासरी की कशी,
ते मी विचारलं नाही. रकाना तसाच आहे.

जालन्याची बस लागली तरी हात काढेनात.
करंगळीच्या टोकाला कापूस बाहेर डोकावत होता,
तो नखानं आत ढकलत होत्या,
पुन्हा पुन्हा.