चारशे बारा

हलमधलं भाड्याचं घर, रात्रीचे पावणेदोन.
हीटर सव्वाअकरालाच बंद, घरमालकाची कृपा.
मांडीवर प्लास्टिकची गिटार, तिचं पिवळं बटण
मार्चपासून रुसलेलं.

यादीत चारशे बारा गाणी. फोल्डरात तीनशे एकोणनव्वद.
मधली तेवीस ग्विलिमची.
तो जूनमध्ये स्वानसीला गेला, हार्ड डिस्क घेऊन;
गेमला कुणी सांगितलंच नाही.
नाव दिसतं, चित्र दिसतं, त्याने मिळवलेले पाच तारेही,
लावायला जावं तर काळा पडदा
आणि डेस्कटॉपवर तोंडघशी.

उपाय सोपा: कॅशची फाइल उडवायची.
मग गेम पुन्हा मोजेल सगळं, पहिल्यापासून,
आहे तेवढंच.

उडवली नाही.
नावापुढे फक्त 'जुनी' जोडलं,
आई फाटक्या नोटा वेगळ्या डबीत ठेवायची
तसं काहीतरी.

मोजणी सुरू. नऊ, एकशे चार, दोनशे साठवर जरा अडखळली,
मीही श्वास धरला उगाच.
तीनशे एकोणनव्वद.
काही कोसळलं नाही.

मग सगळ्यात सोपं गाणं लावलं
आणि पहिलाच सूर चुकले.
पिवळा होता.