बाजूला ठेव

सम्मेदनं बाटली स्वेटरात गुंडाळून आणली.
पॅरिसहून दाबोळी, तिथून कदंबानं निपाणी.
स्वेटर माझ्याच हातचा, कोपरावर उसवलेला.
लेबलावर शाईनं काढलेलं एक वाकडं शिंग,
खाली मालकिणीचं नाव, तिच्याच अक्षरात.
सहा एकर रान, म्हणाला, दोन घोडे, ट्रॅक्टर नाही.
वर्षाची सगळी वाईन
आपल्या वखारीच्या मधल्या खोलीत मावेल.

घरात नको म्हटलं मी. सोप्यात उघड.
पेला काचेचा दिला, ज्यात माझी पेनं असतात,
तीन वेळा विसळून.

मामंजी खुर्चीत. दिवस बुडालेला,
म्हणजे आता पाणीसुद्धा नाही.
आणि दिवसा तरी कुठं,
आंबलेलं ह्या घरात दहीसुद्धा त्याच दिवसाचं.
"वासाला सूर्य लागत नाही, अण्णा,"
सम्मेदनं पेला पुढं केला.

चाळीस वर्षं ह्या नाकानं तंबाखूची प्रत लावली.
डोळे मिटून सांगायचे:
हे पान वेदगंगेच्या काठचं,
हे माळावरचं,
हे वाळताना एक रात्र दवात राहिलंय, मालक खोटं बोलतोय.
गुजरातचा व्यापारी पान तोंडात असून
थुंकायचा थांबायचा
ते "हूं" म्हणेपर्यंत.

त्यांनी पेला नाकाशी धरला. बराच वेळ.
जांभूळ, म्हणाले. पण झाडावरचं नव्हं,
पायाखाली गेलेलं.
मग ओलं पोतं. मग… थांब…
शेण.

सम्मेद एवढा हसला, की पलीकडची पोरं डोकावली.
मग सांगायला लागला:
गाईचं शिंग, त्यात ताजं शेण भरायचं,
पानगळीत रानात पुरायचं,
थंडीभर राहू द्यायचं, वसंतात काढायचं,
चिमूटभर पाण्यात तासभर ढवळून शिंपडायचं.
छाटणी, तोडणी सगळं चंद्र बघून.
एक दिवस मुळांचा, एक पानांचा, एक फळांचा.
बायोडायनॅमिक म्हणतात.

"म्हणजे त्यांचीपण अष्टमी-चतुर्दशी हाय की," मामंजी म्हणाले.
आणि मग: "गाय आपसूक मेलती का?"
पोराला माहीत नव्हतं.
त्यानं तिथल्या तिथं फोनवर विचारलं.

मी मात्र शिंग ऐकून उंबऱ्यातच थांबलेले.

ह्या घरात तो शब्द कोणी काढत नाही.
माझ्या लग्नाच्या पुढच्या साली
भोजच्या रानात, बांधाच्या अलीकडं,
कुळव अडला आणि शिंग निघालं.
करणी, म्हणाले सगळे.
बांधापलीकडं चुलत घर.
त्याच दिवशी जाणं-येणं बंद.
आमच्या शांतक्काच्या लग्नाला ते आले नाहीत,
त्यांच्या पायगोंडाच्या मातीला आम्ही गेलो नाही.
पुढं रान मोजायला चिक्कोडीहून माणूस आला,
नकाशा कन्नडात, भांडण मराठीत,
शिव्या दोन्हीत.

फोन किणकिणला.
मालकिणीचं उत्तर: म्हातारी होती, गोठ्यातच गेली,
नाव होतं तिला, पण ते मराठीत बसत नाही.

मामंजींनी मान हलवली. पुन्हा पेला नाकाशी.
आम्ही वाट बघत होतो, प्रत कुठली लावतात.
पहिली नव्हं, म्हणाले. दुसरी बी नव्हं.
"बाजूला ठेव."

वखारीत हे ते क्वचित म्हणायचे.
असं पान बोदात जायचं नाही, विकलं जायचं नाही,
त्यांच्या गादीखाली जायचं,
रात्री नुसतं हुंगायला.

पेला त्यांनी खाली ठेवला, थेंब न सांडता.
अंधार झालेला. लाइट लावायला मी उठले
तर म्हणाले, सुम्म बस जरा.
मग, सम्मेदला नाही, मला:

"त्या शिंगात काय होतं गं?
कुणी बघितलंतं का आत?"

मी आठवू लागले.
कुळवाचं फाळ आठवलं, बायकांचा गलका,
कुणीतरी ते काठीनं ढकलत ओढ्यात टाकलं ते,
ते पाण्यात आधी तरंगलं ते.
आत काय होतं…

सम्मेद बूच परत बसवत होता.
बसत नव्हतं.