अकरावा प्रश्न

मुलाला बाहेर बसायला सांगावं लागतं. नियमच आहे तसा.
तो उठतो, आईचा कोट खुर्चीच्या पाठीवर नीट घालतो,
काचेपलीकडे पाण्याच्या यंत्राशी जाऊन उभा राहतो.
पेला घेत नाही.

एनिड थ्रेलफॉल, वय अठ्ठ्याहत्तर.
फ्लीटवूड, बंदरामागची गल्ली, दोन खोल्या वर, दोन खाली.
आधीचं कर्ज फिटलं त्याला सत्तावीस वर्षं झाली.
नवऱ्यानं हॅडॉक पकडून फेडलं, असं त्या सांगतात,
जणू हप्ते माशांनीच भरले.

मी समजावते. हे मी आठवड्यातून तीनदा समजावते,
टेबलाखाली बूट काढून ठेवून.
घर तुमचंच राहील. तुम्ही आहात तोवर तुम्हाला कोणी हलवणार नाही.
हप्ता नाही. नुसतं व्याज,
आणि त्या व्याजावर व्याज.
आज घेतलेत चाळीस हजार,
तर नव्वदीला पोचाल तेव्हा ऐंशी.
शंभरी ओलांडलीत तर एक लाख साठ...
"तर राजवाड्यातून कार्ड येईल," त्या म्हणतात,
"ते विकून फेडू."
मी हसते, आणि लिहून ठेवते: समज उत्तम.

पैसे कशासाठी?
छपरासाठी. बॉयलरसाठी.
मग काचेकडे एक नजर: "आणि त्याच्या मुलीच्या कॉलेजसाठी, थोडे."
मुदलापेक्षा व्याज गोड, म्हणतात नातवंडांना.
माझ्या टेबलावर मात्र दोन्ही व्याजं
समोरासमोर बसतात, आणि मला विचारावं लागतं,
कोणी भरीस घातलंय का?
"नाही. तो कधी काही मागत नाही.
तोच तर त्रास आहे."

अकरावा प्रश्न साधा असतो.
सतरा वर्षांवरचं आणखी कोणी घरात राहतं का?
"नाही."
फार लगेच.
हँडबॅगचा खटका उघडतो, मिटतो, उघडतो.
बाहेर मुलगा पाठमोरा.
"सिरिल आहे. मागच्या खोलीत. भाडेकरू म्हणा."
किती वर्षं?
"चौदा."
भाडं किती?

हे चौदा वर्षांत कोणी विचारलं नसावं.
"तो बटाटे सोलतो," त्या म्हणतात.
"मला वाकता येत नाही, तर माझ्या पायाची नखं कापतो.
थंडीत माझी बाजू आधी ऊबदार करून..."
आणि थांबतात.
मी 'मागची खोली' लिहिलेलं आहे. ते खोडत नाही.

मग मात्र सांगावंच लागतं.
त्यांनाही एका कागदावर सही करावी लागेल:
या घरावर माझा कसलाही हक्क नाही,
एनिडनंतर कंपनीनं सांगताच मी निघेन.
आणि सहीआधी त्यांना वेगळा वकील हवा, त्यांचा स्वतःचा.
मी दोघांची होऊ शकत नाही.

"निघेन म्हणजे किती दिवसांत?"
घर विकायला साधारण वर्षभर मिळतं. तेवढ्यात.
"तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे.
कुठे जाईल?"

याला फॉर्मवर रकाना नाही.
मी दुसरी वाट सांगते:
घर दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या,
मग शेवटचं माणूस जाईपर्यंत दार कोणी ठोठावणार नाही.
"पण मग मुलांना सांगावं लागेल."
कायदा तसं म्हणत नाही.
फक्त, कागद मागाहून बोलतात.

त्या फॉर्मची घडी घालतात, आणखी एक घडी,
पेपरमिंटच्या पुडीखाली सरकवतात.
मुलगा दार ढकलतो. "झालं?"
"नाही. आधी सिरिलला विचारायचंय."
"सिरिलला? त्याचा काय संबंध?"
त्या उत्तर देत नाहीत. बाही सापडत नाही,
तो कोट धरून उभा राहतो.

माझ्या खिडकीतून ट्रामचा थांबा दिसतो.
त्या बोलतायत, रुळांकडे बघत.
तो ऐकतोय, टोपी हातात.
ट्राम आली. दारं उघडली.
दोघांपैकी कोणीच चढलं नाही.