बटणांचं बिऱ्हाड

दोनशे अकरा कॉम्पोनंट होते.
आता एकोणीस उरलेत.
क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळीच्या लिलावघराच्या माडीवर
मी ते एकेक उचलते,
झटकते, उलटं करून बघते,
आणि नव्या फ्रेमवर्कात नेऊन ठेवते.

हे बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर घेऊन निघता येत नाही.
हलवायला घेतलं की कळतं
काय कशाला बांधलेलं होतं.
तारखेचा चौकोन ओढला
तर मागून वजनांचा सगळा तक्ता निघाला,
तक्त्याला लोंबकळत एक व्हेरिएबल,
नाव नुसतं ‘ते’.
बाप कोण, ठाऊक नाही.

तीन वाजताच अंधार होतो इथे.
खाली ट्रॉलर लागतो, बर्फ फावड्याने ओढल्याचा आवाज येतो,
आणि माझ्या पडद्यावर
होग्नीचा सोळा वर्षांपूर्वीचा कोड.
जाळं दुरुस्त करावं तसा लिहिलेला :
गाठी दिसतात,
सुटत नाहीत.

बोली लावायच्या बटणात त्याची एक ओळ होती :
दाबल्यावर चारशे मिलिसेकंद थांब.
वर टिपण, दोन शब्दांचं :
काढू नका.

मी काढली.

चारशे मिलिसेकंद म्हणजे आजकाल चक्क आळस.
नवं बटण निळसर, गुळगुळीत,
बोट टेकण्याआधीच ‘हो’ म्हणेल असं.
चाचण्या सगळ्या हिरव्या.
मी कॉफी केली, खिडकीत उभी राहून प्याले,
स्वतःवर थोडी खूशही होते,
खोटं कशाला बोलू.

मंगळवारी पहाटे पावणेसहाला
बाइन्ताने हॅलिबटच्या तीन पेट्या मागितल्या
आणि तिच्या नावावर सहा चढल्या.
मग कॉडच्या आठ.
हव्या होत्या चार.
तिने खालून हाक मारली नाही.
जिना चढून आली,
पाणी गळणारे हातमोजे तसेच,
केशरी रबराचे, अंगठ्याला चिकटपट्टी,
आणि काही न बोलता
माझ्या पडद्यावर एक बोट टेकवलं.

रबर चिकटलं.
सुटलं.
सुटता सुटता पुन्हा टेकलं.

पडद्यावर खवला राहिला एक,
नखाएवढा, चमकणारा.

होग्नीला फोन लावला. तो आता पलीकडच्या बेटावर मेंढ्या राखतो,
मागे वारा इतका की प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागलं.
“तीन पहाटा खाली उभा होतो मी,” म्हणाला,
“हातमोजा घालून. मोजत.
तीनशेला चुकायचं, पाचशेला बायका चिडायच्या.”
“मग लिहून का नाही ठेवलंस?”
“ठेवलं की, मार्युन.
काढू नका म्हणून.”

यावर काय बोलणार.
आठ वर्षं वाचतेय मी त्याचा कोड,
त्यातली थंडी कधी लागली नव्हती बोटांना.

चारशे मिलिसेकंद परत आले,
नव्या घरात, नव्या व्याकरणात.
या वेळी वर सात ओळींचं टिपण :
रबर, पाणी, पहाट,
बाइन्ताचं नाव तिला विचारून घातलं.
बारा पेट्यांचा हिशेब मात्र
अजून कुणाच्या खात्यावर टाकायचा ते ठरत नाहीये.
हॅलिबट माझ्या फ्रीजरमध्ये मावेल तेवढा आणलाय.

उरले अठरा.
पुढच्यात वजनाच्या आकड्याखाली
दोन बोटं रुंद रिकामी जागा सोडलीय,
काही नाही तिथे, रंगही नाही,
टिपणही नाही.
डिझाइनवाली म्हणते, उडव.

मी संगणक झाकला,
खाली उतरले,
आणि बाइन्ताला विचारलं,
जादा हातमोजे आहेत का तुझ्याकडे.