शेपट्या

खानापूरच्या रेकॉर्ड खोलीत मी शब्दांच्या शेपट्या मोजते.
पानामागे दोन रुपये.
धारवाडच्या मॅडमना हवंय: सन एकतीस ते सत्तर,
खरेदीखतांत 'यांस' किती, 'यांना' किती,
कुठल्या साली एक मागे पडतं, दुसरं पुढे येतं.
'कुणी कुणाला काय विकलं ते वाचत बसू नकोस,
शेवट तेवढा बघ.'

चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
कौलांच्या भट्टीवर बाबा असंच मोजायचे, पाचापाचाने,
आणि घरी भात मापताना
पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत.
लाभ, दोन, तीन.

एकतीसात सगळे -स.
जमिनीस, विहिरीस, बांधावरल्या फणसास.
पस्तीस-चाळीसात एखाददुसरा -ला चोरासारखा शिरतो,
पन्नासात घर करून बसतो.

मग बाविसावा गठ्ठा.
लिहून देणार गंगव्वा कोम भरमाण्णा.
अकरा वर्षांनी त्याच शेताचं उरलेलं सोळा गुंठे,
दस्तलेखक दुसरा,
लिहून देणार गंगूबाई भ्रतार भरमाण्णा.
अंगठा तोच. मधोमध आडवा व्रण,
विळा लागला असावा.
-व्वा एक, -बाई एक.
बाई किती धरू?
फोन केला. मॅडम म्हणाल्या,
'नावं कशाला मोजतेस गं, विभक्ती मोज.'
मी वहीच्या मागल्या पानावर दोन रेघा मारल्या,
आणि त्या एकमेकींना जोडल्या.

सत्तरच्या गठ्ठ्यात अक्षरं गोल होतात.
शाळेत कानडीत मला शंभरात छत्तीस,
त्यामुळे बोट ठेवून वाचते:
जमीनिगे.
जमीन तीच की,
शेपटी तेवढी नवी.
हक्कास होतं तिथे हक्कन्नु,
तकरार नाही होतं तिथे तकरारु इल्ल.
तकरार कुठल्याच भाषेत नव्हती म्हणे. अंगठ्याखाली तसं लिहिलंय.

दीड वाजता सातेरीमामा डबा सोडतो.
पलीकडच्या टेबलावरून बसलिंगय्या विचारतो,
'ऊटा आत्रि?'
'झालं की,' मी म्हणते.
'मग चहा सांगा की,' मामा म्हणतो.
'तुम्हीच सांगा की ओ, मी कालच सांगितलो.'

आणि माझा घास थांबतो.
की.
तीन हजार पानं झाली.
एकही की नाही कुणाच्या खतात,
एकही रि नाही.
ज्यांनी जन्मभर की म्हटलं
त्यांच्या तोंडचं ते काढून
दस्तलेखकाने स्वच्छ कागद केला
आणि खाली अंगठा घेतला.

मॅडमच्या तक्त्यात जागा नव्हती.
पट्टी घेऊन मी उजवीकडे दोन रकाने आखले,
वाकडेच आले.
चहा आला. बसलिंगय्या म्हणाला, 'तगोरि.'
एका रकान्यात रेघ मारली,
मनात म्हटलं, लाभ.