जिभेखाली दोन मिनिटं

बाटली अंगठ्याएवढी.
फ्रिजमध्ये तिची जागा ठरलेली,
आगळाच्या बाटलीमागे,
सुरमईच्या डब्यापासून लांब.
सकाळी उठल्यावर चार थेंब जिभेखाली,
मग दोन मिनिटं गिळायचं नाही,
बोलायचं नाही.
घड्याळ बघत नाही मी.
पंप सुरू झाल्यापासून
शेवटच्या कलमाच्या आळ्यात पाणी पोचेपर्यंत
बरोबर तेवढाच वेळ जातो.

लग्न होऊन पडेलला आले तो पौष होता.
साडेतीनशे कलमं मोहरलेली,
सासरे बागेत हात मागे बांधून फिरत होते
मनातल्या मनात पेट्या मोजत,
आणि नवी सून ओट्याशी शिंकत होती.
सतरा, अठरा... दीर मोजायचा.
‘मोहोर सोसत नाही हिला,’
घरानं निकाल दिला.
आंब्याच्या घरात मोहोर न सोसणारी बाई
म्हणजे काय,
ते कुणी बोलून दाखवलं नाही.
पण सांबारात मीठ जास्त झालं तरी
सगळ्यांना मोहोरच आठवायचा.

कणकवलीला डॉक्टर तायशेट्यांनी
हातावर पेनानं रेघा काढल्या,
प्रत्येक रेघेशी एक टोचा.
आंब्याच्या रेघेवर काही उठलं नाही.
काजूच्याही नाही.
धुळीतल्या किड्याच्या रेघेवर
बघता बघता गांधी उठली,
टपोऱ्या करवंदाएवढी.
‘गाद्या, उशा, जुन्या गोधड्या,’ ते म्हणाले.
मी गप्प.
आईनं शिवून दिलेली गोधडी
अकरा वर्षं नाकापर्यंत ओढून झोपत होते मी,
मोहोर लागू नये म्हणून.

मग इंजेक्शनं. दर गुरुवारी.
दंडाच्या मागे सुई,
नंतर अर्धा तास बाकावर बसायचं,
काही झालंच तर डॉक्टरांच्या नजरेसमोर व्हावं.
तिथं जुलेखा धामस्कर भेटली,
विजयदुर्गची. तिलाही तोच किडा.
पुढच्या खेपेपासून ती एस्टीत
माझ्यासाठी जागा धरून यायची,
खिडकीची.
दोघींचे दंड सुजलेले
आणि मध्ये खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी.
अर्धा तास संपला तरी उठायचो नाही.
कंपाउंडर विचारायचा,
‘काय गो बायांनो, रिअ‍ॅक्शन इली काय?’
येतेय, येतेय, म्हणायचो आम्ही.

यंदा डॉक्टरांनी थेंब लिहून दिले.
किडा तोच, म्हणाले, त्याचाच अर्क.
रोज थोडा थोडा घरात घ्यायचा,
म्हणजे अंग त्याच्यावर भुंकायचं थांबतं.
पहिले चार थेंब त्यांच्यासमोर घेतले.
सुई नाही, एस्टी नाही,
गुरुवार नाही.
नवरा खूश, दिवस वाचला.
जुलेखानं किंमत विचारली. मी सांगितली.
तिनं तळहातावरची सालं फुंकून टाकली
आणि म्हणाली,
‘मला बाई सुईच बरी.’

गोधडी उकळत्या पाण्यातून काढून
तीन दिवस कातळावर वाळवली.
लाल गेला, निळा गेला,
आईचे टाके तेवढे राहिले.
परवा दिवसभर लाइट नव्हती,
तर नवऱ्यानं बाटली माठात सोडली
सुतळी बांधून,
विहिरीत कळशी सोडावी तशी.
शिंका पाचावर आल्यात.
दीर आता मोजत नाही.

गुरुवारी सात-दहाची गाडी
आमच्या थांब्यावर हॉर्न देते,
तेव्हा थेंब जिभेखाली असतात.
मी गडग्यापाशी येऊन उभी राहते.
खिडकीतून एक हात हलतो.
मीही हलवते.
बोलायचं नसतं, हे एक बरं.

डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय.
चिठ्ठीवर तारीख पुढच्या महिन्यातली आहे.
घरात मी एवढंच सांगितलंय,
गुरुवारी जायचंय.